विमानाच्या मासिकातली छाट

विमानांवर लिहून पोट भरायचं ठरवलं, हे मी गल्लीत पहिल्यांदा सांगितलं ते शेजारच्या आक्काला. ती दारात बसून बिडीच्या पानाचे पुडके ओल्या पोत्यात गुंडाळत होती. बेळगावजवळच्या मच्छेतल्या कारखान्यातलं माझं काम सुटल्याचं तिला कळलं होतं.

"आता काय करनार गं?"

"लिहिणार."

"काय लिवनार?"

"विमानांवर. तसली मासिकं असतात. लेख घेतात, पैसे देतात."

तिनं हात पोत्यालाच पुसले. "विमानात बसलीयास व्हय कधी?"

"न्हाय."

"मग मी बी लिवते की पोहण्यावर. जल्मात हिरीत उतरले न्हाय, पर लिवते."

तिच्या दारात बसलेल्या दोघी बायका हसल्या. मीही हसले. टोमणा चांगला असला की मी हसते, तो माझ्यावर असला तरी. पण घरात आल्यावर तो तसाच टोचत राहिला. विमानात बसले नव्हते हे खरंच होतं. निपाणीहून बेळगावला एसटीनं आणि तिथून विमानतळाकडच्या सांबऱ्याच्या रस्त्यानं एकदा एका मैत्रिणीच्या लग्नाला, एवढाच माझा विमानतळाशी संबंध. पण विमान माझ्या हातांखालून गेलं होतं, तुकड्यातुकड्यानं. ते आक्काला कसं सांगायचं?

सांगायचं झालं तर असं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आई बिड्या वळते, आजी वळायची, आणि आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी शाळेतून आल्यावर सूप मांडीवर घेऊन बसायची आणि पानं कापता कापता पाढे म्हणायची. बेळगावच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. निकालाच्या दिवशी आईनं भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोपुढं गुणपत्रिका ठेवली आणि मेणबत्ती लावली. मला जवळ बोलावून म्हणाली, "आता सुपाला हात लावायचा न्हाय." ती शपथ तिनं घातली होती, मी नाही. पण मी ती पाळली, आणि पाळल्याचा मला माज होता. माज म्हणा, अभिमान म्हणा. मला दोन्ही शब्द चालतात.

मच्छेच्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासणीला लागले. परदेशातल्या विमानांना लागणारे बारीक भाग तिथं व्हायचे. बुश, ब्रॅकेट, पिना. तपासणीची खोली बारा महिने थंड ठेवलेली, कारण उन्हाळ्यात धातू फुगतो आणि माप खोटं येतं. बाहेर पोरं घामानं निथळत मशीन चालवायची आणि आम्ही दोघी आत स्वेटर घालून मायक्रोमीटर फिरवायचो. दुसरी वडगावची, मागवाल्यांच्या घरातली. तिच्या घरी दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट चालायचा, म्हणून ती बोलायची ते नेहमी मोठ्यानं.

त्या खोलीतली एक रीत मला फार आवडायची. एखादा भाग मापात बसला नाही की त्याला लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका पडला की तो भाग तसाच भंगारात जायचा नाही. करवतीवर घेऊन त्याचे दोन तुकडे करायचे, आणि ज्या तपासनिसानं तो नापास केला तिनं समोर उभं राहून ते पाहायचं. कारण सोपं आहे. अख्खा तुकडा भंगारवाल्याकडं गेला, कुणी घासूनपुसून परत विकला, आणि तो कुठल्या विमानात जाऊन बसला तर? म्हणून नापास ते नापास. कुणालाच उपयोगी पडायचं नाही. आठवड्याचे लाल ठिपके साठवून शनिवारी कापायचो. वडगावच्या मैत्रिणीनं त्या कामाला नाव ठेवलं होतं, 'तेरावं'. "चल गं, तेरावं घालून येऊ," म्हणायची. करवत लागली की तुकडा किंचाळायचा, आणि ती कानावर हात ठेवून म्हणायची, "रडू नकोस रं, तुझं माप चुकलंतं."

मग परदेशातल्या गिऱ्हाइकानं काम दुसरीकडं वळवलं आणि आमची ती बाजूच बंद झाली. मैत्रिणीला दुसऱ्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळी मिळाली. मलाही मिळाली असती, पण रात्रपाळी म्हणजे मच्छेतच खोली घेऊन राहणं आलं, आणि आईला एकटी ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते की तो आतूनच गेलाय, त्याला आता हात लावण्यात अर्थ नाही. ती बिड्या वळायची ती सवयीवर.

सवयीवर वळलेली बिडी चेकरच्या नजरेतून सुटत नाही. आमच्या भागाच्या बिडी कारखान्याची शाखा बाजाराच्या मागं आहे. तिथला चेकर आम्हाला लहानपणापासून ओळखतो. एका संध्याकाळी त्यानं आईला सरळ सांगितलं, "आक्का, तुझा माल बसंना. कार्ड पोरीच्या नावावर कर. न्हाईतर वरून बंद हुईल. मग पान न्हाई, तंबाखू न्हाई, काईच न्हाई."

कार्ड म्हणजे बिडी कामगाराचं कार्ड. ते आहे तोवर रोजचं पान-तंबाखू मिळतं, दवाखाना मिळतो, पुढंमागं काही हक्काचे पैसे मिळतील ही आशा असते. आईनं घरी येऊन मला चेकरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. शपथ तिनंच घातली होती. ती मोडायला सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं.

मी म्हणाले, "नवा तंबाखू वखारीत येईपर्यंत थांब. तोवर माझं लिहिण्याचं जमलं तर कार्ड बंद पडू दे. न्हाय जमलं तर माझं नाव लाव."

"जमंल?"

"जमेल."

मासिकाचं डोक्यात आलं ते मच्छेच्या मॅनेजरच्या केबिनमुळं. तिथं टेबलावर एक इंग्रजी मासिक पडलेलं असायचं, गुळगुळीत कागदाचं. एकदा सही घ्यायला गेले असताना मी ते उघडलं. बोल्ट कसा तपासतात यावर लेख होता आणि त्यात एक गोष्ट सरळसरळ चुकीची होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, लेखकांना मानधन दिलं जाईल. मला वाटलं, चुकीचं लिहून मानधन मिळतं तर बरोबर लिहून का नाही मिळणार? माझं गणित एवढंच होतं. आज ते मला वेडेपणाचं वाटतं, पण त्यातली चूक कुठं होती हे अजूनही नीट दाखवता येत नाही.

शोधायला लागले तेव्हा कळलं की मासिक सापडणंच अवघड. बेळगाव स्टँडवरच्या पेपरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "विमानाचं? स्पर्धा परीक्षेचं देऊ का, त्यात विमानाचे प्रश्न असतात." वाचनालयात एक अंक मिळाला, त्याची मधली पानं कुणीतरी कापून नेली होती. मग मोबाईलवरच शोधत बसले. परदेशातली बरीच मासिकं होती. कुणाचं लेख घेणं बंद होतं, कुणाचं मासिकच बंद पडलेलं आणि पान तेवढं मागं राहिलेलं. जी चालू होती ती विचारायची, तुमचा उड्डाणाचा अनुभव लिहा. वैमानिक असाल तर किती तास उडवलंत ते लिहा. तिथं मी लिहायची, शून्य. त्याखाली लिहायची की मी विमानाचे भाग तपासलेत. ते वाचून पुढं कुणी विचारलं नाही.

मराठीत एका दिवाळी अंकाच्या संपादकांना फोन केला. माणूस अत्यंत गोड. "विषय अफलातून आहे ताई, जरूर पाठवा."

"मानधन किती असतं?"

"मानधन असं नसतं आपल्याकडं. अंकाची प्रत पाठवतो ना."

मी म्हणाले, "आमच्या गल्लीत कुणी फुकट बिडीसुद्धा वळत नाही." त्यांना ते समजलं नसावं, कारण ते म्हणाले, "वा, अनुभवविश्व आहे तुमच्याकडं." मी फोन ठेवला. आईनं विचारलं काय झालं. म्हटलं, "प्रत देत्यात."

"प्रत म्हंजे?"

"पुस्तक."

"मग घ्याचं की. पुस्तकाला न्हाय कशाला म्हनतीस?" ती खरंच म्हणाली होती. तिच्या लेखी घरात येणारं कुठलंही पुस्तक ही मिळकतच.

जी मासिकं उघडी होती त्यांना मी लेख पाठवत गेले. पूर्ण लेख. शब्द मोजून, दोनदा तपासून, फोटोसकट. इंग्रजी माझं कॉलेजातलं, पण मी वाक्यं अशी तपासायची जशी मच्छेत बुश तपासले. एक लेख झाला की दुसरा. उत्तर कुठूनच नाही. बरेच महिने गेल्यावर एका परदेशी संपादिकेला दया आली असावी. तिनं दोन ओळी लिहिल्या. असे तयार लेख आम्ही वाचत नाही, आधी एका परिच्छेदात कल्पना पाठवायची असते, आवडली तर आम्ही लिहायला सांगतो.

मला राग आला. हे म्हणजे बिडी न वळताच बिडी कशी असेल ते सांगायचं. आमच्या घरात तीन पिढ्यांनी एकच रीत पाहिली आहे. आधी माल घेऊन जायचा, उघडून दाखवायचा, मग काय ते बोलणं. बोलण्यावर माल कुणी घेत नाही, आणि बोलण्यावर माल देणारा बहुतेक वेळा फसवा निघतो. तेव्हा मी ज्यांना सगळा माल नेऊन दाखवत होते त्यांना मीच फसवी वाटत होते, किंवा अडाणी. दुसऱ्या गावच्या बाजारात आपल्या गावची रीत घेऊन गेले होते. तिथं कुणी ओरडलं नाही, हाकललं नाही, नुसतं बघितलं नाही.

मग मी परिच्छेद लिहायला शिकले. त्यातल्या एकावर दिल्लीच्या एका मासिकाकडून फोन आला. परिच्छेदात मी नापास तुकडा कापण्याची रीत लिहिली होती आणि शनिवारच्या तेराव्याचाही उल्लेख केला होता. संपादक घाईत होता, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी बोलत होता.

"आप कहाँ से हैं?"

निपाणी सांगितलं. पुणे-बेंगळुरू हायवे सांगितला.

"अच्छा, तंबाखू."

"हो, तंबाखू."

त्याला विषय आवडला होता. कंपनीचं नाव नको म्हणाला, तेही मला मान्यच होतं. लिहा आणि पाठवा, आवडलं तर छापू, छापलं की मानधन. मी विचारलं, "नाही आवडलं तर?"

"तर तुमचा लेख तुमचा. कुठंही पाठवा."

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य मनात परत परत म्हणून पाहिलं. तुमचा लेख तुमचा. हे ऐकून एवढं बरं का वाटलं ते कळायला छाट माहीत असावी लागते. आई संध्याकाळी बिड्यांचे कट्टे, म्हणजे बांधलेल्या जुड्या, घेऊन शाखेत जाते. चेकर एकेक कट्टा दाबून, फिरवून बघतो आणि ज्या बिड्या त्याला पटत नाहीत त्या ओढून काढून शेजारच्या टोपलीत टाकतो. ती छाट. छाटीचा पैसा मिळत नाही. आणि छाट परतही मिळत नाही. पान तिनं कापलेलं, दोरा तिनं बांधलेला, पाठ तिची वाकलेली, पण टोपलीत पडली की बिडी कारखान्याची. टोपली रोज भरते आणि रोज कुठंतरी जाते. ती कुठं जाते हे सगळ्यांना माहीत आहे. नापास बिडीचाही धूर निघतोच. बायका यावर मोर्चे काढून थकल्या. लहानपणी मी आईबरोबर जायची तेव्हा त्या टोपलीकडं बघत उभी राहायची, आणि शिकायचं ते यासाठी, हे मला तिथं कळलं होतं. जिथं नापास झालं तरी आपलं ते आपलं राहतं असं काम करायचं.

लेख लिहायला मी वेळ घेतला. आई खोलीच्या एका कोपऱ्यात वळत बसायची, मी दुसऱ्या कोपऱ्यात. बिडीचं तोंड मुडपायच्या तिच्या सळीचा बारीक आवाज आणि माझं तोंडातल्या तोंडात इंग्रजी. मध्येच ती विचारायची, "कुठवर आलं?"

"कापतायत आता."

"काय?"

"बुश."

"कापू दे," म्हणायची, जणू शेजारच्या खोलीत कुणाचं ऑपरेशन चाललंय.

तेरावं मी इंग्रजीत समजावून लिहिलं. माणूस गेल्यावर आमच्याकडं तेराव्या दिवशी काय करतात, आणि एका तपासनीस मुलीनं नापास धातूला तो मान कसा दिला, हे लिहिलं. मैत्रिणीला फोन करून विचारलं, तुझा शब्द वापरू का? ती म्हणाली, "वापर की, त्याचे काय मी पैसे मागनार हाय? पार्टी दे म्हंजे झालं." त्या लेखात माझ्या मते एकही तुकडा मापाबाहेर नव्हता. मी तपासनीस होते, मला कळतं.

लेख गेला. उत्तर यायला लागले तेवढे दिवस लागले. त्या दिवसांत आईची छाट वाढत चालली होती. ती मला सांगत नव्हती, पण रिकाम्या पिशवीबरोबर जो चेहरा घरी यायचा त्यावरून दिसायचं. आक्का रोज विचारायची, "उडालं का गं इमान?" मी म्हणायची, "धावपट्टीवर हाय." एकदा ती म्हणाली, "लई लांब धावपट्टी हाय तुजी. निपाणीपासनं संकेश्वरपातुर आली असंल."

मग दोन ओळींची मेल आली. लेख आमच्यासाठी योग्य वाटत नाही. लेखनामागं अधिक तांत्रिक अधिकार हवा. पुढील वाटचालीला शुभेच्छा.

मी ते मान्य केलं. खरंच केलं. मी स्वतः किती तुकड्यांना लाल ठिपके दिले होते, मग मला कुणी दिला तर कांगावा कशाला करायचा? आईला सांगितलं, "नापास झाला."

"मग परत आला का?"

"माझ्याकडंच हाय तो. माझाच हाय."

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिच्या 'मग बरं'नं मला धीर आला.

वखारीत नवा तंबाखू यायला लागला. गल्लीत तो वास भरला की डोळे चुरचुरतात आणि लहान मुलं शिंकत शाळेला जातात. मी आईला म्हणाले, थोडं थांब, हाच लेख दुसरीकडं पाठवलाय. तेवढ्यात वडगावच्या मैत्रिणीचा फोन आला. मागं मागांचा आवाज, आणि ती त्याच्यावर ओरडत होती.

"अगं आलं की तुजं. आमच्या मॅनेजरच्या टेबलावर हाय. फोटो धाडलाय बघ. पार्टी दे आता."

फोटो उघडला. दिल्लीच्या त्याच मासिकातला दोन पानी लेख. वर करवतीचं मोठं चित्र. मथळ्यात इंग्रजीत तेरावा दिवस. खाली तुकड्याचं किंचाळणं, खाली थंड खोलीतले स्वेटर. माझी वाक्यं जरा इकडून तिकडं सरकवलेली, जशी चोरीची सायकल रंग बदलून फिरवतात. नाव कुणाचंच नव्हतं. विशेष प्रतिनिधी.

मैत्रीण अजून फोनवर होती. "नाव कुठं छापलंय गं तुजं? मला घावंना."

"न्हाय छापलं."

"असं कसं? तेरावं आपल्या रूमचं हाय. त्ये दिल्लीत कुनाला म्हाईत?"

मी तिला खालचे दोन शब्द वाचून दाखवले, विशेष प्रतिनिधी. ती पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पार्टी नको."

मी संपादकाला फोन लावला. त्यानं उचलला, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. तो म्हणाला, विषय कुणाच्या मालकीचा नसतो. मी म्हणाले, विषय नाही, वाक्यं. तो म्हणाला, आमच्या प्रतिनिधीनं स्वतः माहिती गोळा केली आहे. मी विचारलं, आणि तेरावं? तो हसला. "मॅडम, तेरावं देशभर करतात."

"धातूचं?"

त्यानं तो प्रश्न बाजूला सारला. मग म्हणाला, "तुम्ही नवीन आहात, असं भांडण सुरुवातीलाच बरं नाही. आणखी कल्पना पाठवा, पुढच्या वेळी बघू."

"तुम्ही म्हणाला होता, माझा लेख माझा."

"आहेच ना तुमचा. कुठंही पाठवा."

पाठवलेलाच होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या मासिकाचं उत्तर आलं. लेख चांगला आहे, पण अगदी असाच लेख नुकताच एका ठिकाणी येऊन गेल्यामुळं घेता येत नाही.

आई वळत बसली होती. मेल वाचून मी तिच्या समोर जाऊन बसले. तिनं न बघताच विचारलं, "आलं का?"

"आई, छाट काढली गं माझी."

तिचा हात थांबला. इतके महिने मी मासिक, संपादक, परिच्छेद असलं काहीबाही सांगत होते आणि ती 'व्हय' म्हणत होती. आता तिला माझा धंदा कळला. तिनं सूप बाजूला सरकवलं. "टोपलीतली इकली व्हय त्येनी?"

"व्हय."

"परत मागितलीस?"

"मागितली."

मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत होते. पण ती कधीच काही सांगत नव्हती, ती तर मला शिक म्हणत होती. मीच म्हणाले, "उद्या कार्डाला जाऊ."

कार्डाला जाताना मी साडी नेसले नाही, पंजाबी ड्रेसच घातला, मच्छेला जायची तसा. शाखेत बायकांची रांग होती. आक्काही होती. चेकर मला बघून म्हणाला, "या या, बी.एस्सी. बाई आल्या. इमान कुठं उतरलं?" आक्कानंच त्याला उत्तर दिलं, "तुज्या डोक्यावर उतरल, गप तपास की." त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या बाजूनं बोलली, आणि मला टोमण्यापेक्षा ते जास्त लागलं.

माझं नाव लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी सूप मांडीवर घेतलं. बोटं विसरली असतील असं वाटलं होतं. विसरली नव्हती. मापाच्या फर्म्यावर कापलेलं पान हातात घेतलं की अंगठा आपोआप वळत होता. मला त्या अंगठ्याचा राग आला. एवढं फिजिक्स शिकवलं त्याला, आणि त्यानं हेच जपून ठेवलं.

माझे पहिले कट्टे घेऊन मी शाखेत गेले. आई बरोबर होती. चेकरनं दाबून पाहिले, फिरवले, आणि काही बिड्या ओढून टोपलीत टाकल्या. त्यातल्या एकदोन खरंच वाईट होत्या. बाकीच्या नव्हत्या. मी तपासनीस होते, मला कळतं. मी टोपलीत हात घातला, माझ्या बिड्या उचलल्या आणि त्याच्यासमोर मधून मोडल्या. तंबाखू टेबलावर सांडला.

चेकर म्हणाला, "ह्ये काय करतीस?"

"नापास माल हाय न्हवं? आमच्याकडं नापास माल असाच टाकतात."

"आमच्याकडं म्हंजे कुठं?"

मच्छेची ती खोली बंद झाली होती. मासिकात मी नव्हतेच. आमच्याकडं म्हणावं असं माझं कुठं काही उरलंच नव्हतं, याच टेबलाशिवाय.

चेकर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आईकडं बघून सांगितलं, "आक्का, उद्या हिचं पान देनार न्हाई. परवाचं बघू." आई त्याच्यापुढं वाकली. म्हणाली, "अण्णा, शिकलेली हाय, जाऊ द्या. तिला म्हाईत न्हाई." आयुष्यभर ती माझं शिक्षण लोकांना अभिमानानं सांगत आली होती. त्या दिवशी तिनं ते माफी म्हणून सांगितलं. सांडलेला तंबाखू तिनं हाताच्या कडेनं गोळा केला आणि टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी पान मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी ती एकटी गेली, काय बोलली मला माहीत नाही, पण पान घेऊन आली. पोतं सोडलं, पानं दोघींत वाटली. मी वळायला लागले. काही वेळानं मी बांधलेला कट्टा तिनं मागितला. डोळ्याला दिसत नाही म्हणून ती बिड्या चेहऱ्याजवळ नेते आणि बोटांनी बघते. त्यातली एक तिनं बाहेर काढली, बोटांत धरली आणि मधून मोडली. तंबाखू परत सुपात झटकला, पान चुलीकडं टाकलं.

"हितंच मोडायच्या," ती म्हणाली. "तिथं न्यायच्याच न्हाईत."

"जास्त मोडाव्या लागतील."

"मोडू. आपल्या घरात मोडू."

त्यानं दिवसाला कट्टे कमी भरतात. चेकर विचारतो, माल कमी का. आई सांगते, डोळं गेलंत, पोरगी नवी हाय. टोपलीत आमची बिडी आता क्वचित पडते, पण पडतेच. ज्याला ओढायची तो ओढतो.

मी अजून मासिकांना लिहिते. परिच्छेदच लिहिते, तोही असा की त्यावरून कुणाला काही करता येऊ नये. त्यामुळं तो कुणाला आवडतही नाही. उत्तरं येत नाहीत. आक्का आता विमानाबद्दल विचारत नाही. संध्याकाळी ती तिचे कट्टे घेऊन दारात थांबते, आणि मी चप्पल घालेपर्यंत म्हणते, "चल गं, उशीर हुतोय. नंबर मागं जाईल."